नेरूळच्या गेम कॅफेतलं माळरान

मुलगी अकरावीत आहे. तिच्या गटातला एक जण आयत्या वेळी गळला, म्हणून बळंच मला खेळायला बसवलं. नेरूळ स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, पहिल्या मजल्यावर हे बोर्ड गेम कॅफे आहे. माणशी ६०० रुपये, चार तास, त्यात एक कोल्ड कॉफी. टेबलाच्या टोकाला एक पोरगा बसतो, तो गेम मास्टर. तो गोष्ट सांगत जातो, आपण त्यातली माणसं व्हायचं, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. आता दोनदा जाऊन आलो, म्हणून लिहितोय.

दुनिया त्या पोरानं स्वतः रचलीय. न संपणारं गवताळ माळरान, त्यावर फिरणाऱ्या पाच टोळ्या, झाडून सगळ्या घोड्यावर. नकाशा मांजरपाटावर हातानं काढलेला. घोडे थ्रीडी प्रिंटरवर केलेले, अंगठ्याएवढे. एकाचा पुढचा पाय तुटला होता, फेविक्विकनं चिकटवलेला. नेमका तोच माझ्या वाट्याला आला.

पहिल्या खेपेला तासाभरानं मी विचारलं, "बाळा, तीन दिवस झाले आपण नुसतं दौडतोय. घोडं खातं काय?"

"काका, ते बॅकग्राउंडला खातं."

सगळे हसले, मीही हसलो. पण ते काही डोक्यातून जाईना.

आम्ही फलटणकडचे धनगर. मी महाप्याला कंपनीत पाळी करतो, पण आबांचा वाडा दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात जायचा. वाडा म्हणजे चौसोपी नव्हे, पायांवर चालणारा. आबा मेंढरं घेऊन चरत चरत मागनं यायचे. आजी घोड्याची दोरी धरून पुढं. घोड्यावर वाकळा, भांडी, ज्वारीचं पोतं, डालग्यात कोंबड्या आणि सगळ्यात वर त्याच रात्री जन्मलेलं कोकरू. मुक्कामाची जागा बघायची, चूल मांडायची, हे आजीचं काम. भात निघालेल्या शेतात मेंढरं बसवायची, खताच्या बदल्यात शेतकरी धान्य द्यायचा. पावसाच्या आधी परत वर यायचं, कारण कोकणातला पाऊस मेंढराला सोसत नाही. हौस म्हणून कुणी फिरत नव्हतं.

या पोराच्या टोळ्या मात्र नुसत्या फिरायच्या. का फिरतात, याला उत्तर नाही. बायका एकतर राण्या नाहीतर मांत्रिक, बिऱ्हाड कोण हलवतं ते कळेना. भर हिवाळ्यात योद्धे घोडीचं आंबवलेलं दूध पितात. मी म्हटलं, घोडी व्यालेली असेल तरच दूध, आणि तेही आधी शिंगराला लावून पान्हा सोडवल्याशिवाय नाही. त्यानं वहीत लिहून घेतलं. तोंड पाडलं नाही, ही जमेची बाजू.

युद्धाचा भाग मात्र त्याचा पक्का आहे. त्याच्या टोळ्यांचं धनुष्य लाकूड, शिंग आणि जनावराच्या स्नायूंचे तंतू सरसानं चिकटवून केलेलं. ओल लागली की सरस ढिला पडतो, म्हणून पाऊस आला की नेमबाजीचे गुण कापतो. बाहेर जुलैचा पाऊस धोधो कोसळत होता, त्यामुळे हे लगेच पटलं. टोळ्यांची सभा भरते ती मंगोलांच्या कुरुलताईच्या धर्तीवर. १२०६ साली अशाच सभेत तेमुजीनचा चंगीजखान झाला, हे त्यानं मध्येच दोन वाक्यांत सांगितलं. भाषण ठोकलं नाही.

दुसऱ्या खेपेला गेलो तर नकाशावर हिरवे-पिवळे ठिपके. गवत! दर मुक्कामाला फासा टाकून चारा किती उरला ते बघायचं, संपला की वाडा हलवायचा. मंगोल स्वारासारखी आम्हालाही माणशी चार घोडी दिली, एक दमलं की दुसऱ्यावर बसायचं. चुलीला लाकूड नाही, वाळलेलं शेण गोळा करा. आणि मग त्यानं झुद आणला. मंगोलियात हिवाळ्यात असं होतं: बर्फ थोडा वितळून परत गोठतो, गवतावर काचेसारखा थर बसतो. एरवी घोडी खुरानं बर्फ उकरतात, मागनं मेंढरं चरतात. त्या थराला खूर लागत नाही. आमची अकरा जनावरं गेली. मुलगी, जी घरी मांजराला हात लावत नाही, ती एका शिंगरासाठी फासा टाकताना डोळे मिटून बसली होती.

आता तक्रारी. एसी इतका की मंगोलियाचा हिवाळा वेगळा सांगायची गरज नाही, अंगावर काहीतरी घेऊन जा. चार तासांचे साडेपाच होतात, त्यामुळे रविवारी रात्रीचं सेशन घेऊ नका. बिलात सर्व्हिस चार्ज न विचारता लावतात, मी काढायला लावला. पेरी पेरी फ्राईज गार. शेजारचा खेळाडू मोबाईलमध्ये असला की गोष्ट लंगडी पडते, ते गेम मास्टरनं आवरायला हवं. तो अजून लाजतो.

कॅफेला तीन तारे, त्या पोराला पाच.

माझ्या कॅरेक्टर शीटवर, म्हणजे आपल्या पात्राची माहिती लिहायच्या पानावर, जनावरासाठी एकच छोटा चौकोन आहे. माझ्याकडं आता तीन घोडी उरल्यात, नावं पानाच्या पाठीमागं लिहिलीत. पुढच्या शनिवारपर्यंत ते पान फेकू नको, एवढं त्याला बजावून आलोय.