कडबा कुट्टी मशीन (दोन एचपी, सिंगल फेज): उन्हाळा-पावसाळा वापरल्यावरचा अनुभव

पोळा तोंडावर आला आणि मोटर नुसती गुणगुणायला लागली. पातं जागचं हलेना. सर्व्हिसवाल्याला फोन लावला तर म्हणे, "काका, व्होल्टेज तुमच्या गावचं, त्याची वॉरंटी आम्ही कशी देणार?" म्हटलं, "बाबू, गावात व्होल्टेज कसं येते हे मशीन विकताना माहीत नव्हतं काय?" त्यावर फोन कट. शेवटी गावातल्या वाइंडिंगवाल्यानं कंडेन्सर (मोटरला सुरू व्हायला जोर देणारा भाग) बदलला अन् चहा होईस्तोवर मशीन चालू.

आता खरी गोष्ट. कंडेन्सरची डबी कुठं बसवली आहे? जिथून कुट्टी, म्हणजे कापलेला कडबा, पडते, बरोबर त्याच्या खाली. उघडली तर आत मूठभर भुसा निघाला. ज्यानं हे डिझाइन केलं त्यानं आयुष्यात कधी कडबा कापला नसावा. पत्रा जाड, रंग झकास, चाकं गुळगुळीत, अन् डबी भुशाच्या धारेखाली!

बाकी मशीन काय करते ते सगळ्यांना माहीत आहे. मी दोन गोऱ्हे (तरणे बैल) वाढवतो आहे, कोठ्यात एक बैलजोडी अन् एक गाय. 2015 पासून बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली, तेव्हापासून म्हाताऱ्या बैलाला बाजारात गिऱ्हाईक नाही. पैसा मिळतो तो अंगानं भरलेल्या, औताला तयार गोऱ्ह्याचा. म्हणून खाण्याचा हिशेब महत्त्वाचा.

दुकानदार सांगतो, कुट्टी केली की ढोरं फुगतात. साफ खोटं. धांडा, म्हणजे ज्वारीचं वाळलं ताट, कापून त्यात प्रथिनं येत नाहीत. दोनशे किलोच्या गोऱ्ह्याला रोज पाच किलोच्या आसपास कोरडा चारा लागतो, अन् नीट वाढायचा असेल तर पाचशे-सहाशे ग्रॅम प्रथिनं. चार किलो कडब्यातून निघतात जेमतेम दीडशे ग्रॅम. मग एक किलो सरकीची ढेप (पेंड) दिली की दोनशेच्या वर भर पडते. उरलेलं बांधावरच्या सुबाभळीच्या पाल्यातून, पण पाला एकूण खाण्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आतच, नाही तर अंगावरचे केस गळतात. त्यावर रोजचं क्षार मिश्रण अन् मीठ. क्षारांची चाटायची वीट टांगली तर गाय दिवसभर तिथंच उभी राहते, गोऱ्ह्यांना जवळ येऊ देत नाही, म्हणून मी भुकटी ढेपेतच कालवतो.

वजनाला काटा नसला तरी चालते. छातीचा घेर इंचात मोजा, त्याचा वर्ग करा, अंगाच्या लांबीनं गुणा अन् 660 नं भागा. घेर 54, लांबी 46 आली तर साधारण 203 किलो. महिन्याला एकदा मोजतो. वजन हललं ते ढेप सुरू केल्यावर, मशीन आणल्यावर नाही.

म्हणून उन्हाळ्याच्या सुरुवातीला मी मशीनला सरळ शिव्या घालत होतो. त्यातून आमच्याकडं सोयाबीन जास्त, अन् सोयाबीनचं कुटार, म्हणजे दाणे काढल्यावरचा भुसा, मळणीतूनच बारीक येते. ते मशीनमध्ये घालायचं कामच नाही. ज्याच्याकडं फक्त कुटार अन् हरभऱ्याचा भुसा आहे, त्यानं हा खर्च करूच नये. कुटारावर थोडं पाणी शिंपडा, धूळ बसते, झालं.

पण मे महिन्यात मत बदललं. आख्खा धांडा टाकला की ढोर पानं अन् शेंडा खाते, बुडखा पायाखाली तुडवते, अन् तो सगळा सरळ खताच्या खड्ड्यात. कुट्टी केल्यावर गव्हाणीत फारसं काही उरेना. दरवर्षी उन्हाळ्यात रिकामी होणारी कडब्याची गंजी यंदा पाऊस पडेपर्यंत पुरली. आता ज्वारी पेरतो कोण? रानडुकरं ठेवतील तर ना! म्हणून मिळेल तो कडबा महाग पडतो, अन् तो वाचला म्हणजे मशीनचे पैसे वसूल व्हायला लागले. एवढं मात्र मी मान्य करतो.

एक सूचना: अगदी पीठ करू नका. कुट्टी इंच-दीड इंच ठेवा. जास्त बारीक झाली तर ढोर रवंथ कमी करते, लाळ कमी सुटते अन् पोटात आंबट वाढते. माझ्या मशीनचा गिअर कारखान्यातूनच बारीकवर लावलेला होता, तो बदलून घ्यावा लागला. कोवळ्या ज्वारीचा फुटवा तर हिरवा कापूनही देऊ नका, त्यात विष असते, कुट्टी केल्यानं ते जात नाही. अन् चारा सारताना खांद्यावरचा दुपट्टा आधी काढून ठेवा, चारा आत ओढणारा रोलर हात अन् कापड वेगळं ओळखत नाही.

पुन्हा डबीकडं येतो, कारण कंपनी येत नाही. वेल्डिंगवाल्याकडून पट्टी मारून ती मी मोटरच्या दुसऱ्या बाजूला, वर नेली अन् वरून सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधला. त्यानंतर भुसा नाही, गुणगुण नाही. जे काम आमच्या गावात अर्ध्या तासात झालं, ते कारखान्यात काहून होत नाही? नवीन घेणाऱ्यानं दुकानातच डबी वर लावून मागावी, नाही म्हटलं तर तेवढे पैसे कमी करून घ्यावे. पात्यांच्या नव्या जोडीचा भाव ऐकून मी थेट लोहाराकडं गेलो. त्यानं लावलेली धार अजून कापते आहे.