आतला मुलामा टिकला, बाहेरचा सोलला: एका टेबललॅम्पचे अडीच वर्षांनंतरचे परीक्षण

मुद्रितशोधनाच्या कामासाठी घेतलेला हा टेबललॅम्प मी गेली अडीच वर्षे रोज चार-पाच तास वापरत आहे. त्याच्याविषयी लिहायला मी मुद्दाम इतका काळ थांबले, कारण दिव्याचा प्रकाश पहिल्याच संध्याकाळी कळतो, पण त्यावर चढवलेला धातूचा मुलामा कसा आहे हे कळायला बराच काळ जावा लागतो. या दिव्यात मुलामा दोन ठिकाणी आहे: एक शेडच्या आत बसवलेल्या परावर्तकावर आणि दुसरा मानेचा सांधा घट्ट करण्याच्या गोल नॉबवर. दोन्ही भाग मुळात प्लॅस्टिकचे आहेत आणि नव्या दिव्यात दोन्ही हुबेहूब धातूचे वाटतात. परावर्तक आजही आणला त्या दिवसासारखाच आहे; नॉबचा मुलामा मात्र चौदाव्या महिन्यात सोलायला लागला. एकाच दिव्यात एक मुलामा इतका चांगला आणि दुसरा इतका कच्चा का, हा प्रश्न मला दिव्याच्या इतर सगळ्या गुणदोषांपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

आधी प्रकाशाविषयी. या दिव्यातली एलईडी कागदाच्या दिशेने बसवलेली नाही. ती शेडच्या पुढच्या काठात दडवलेली असून तिचे तोंड वर, परावर्तकाकडे आहे, आणि कागदावर पडणारा सगळा प्रकाश परावर्तकावरून उलटून आलेला असतो. त्यामुळे मान कितीही वाकवली तरी डोळ्यांना उघडा ठिपका टोचत नाही. दिव्याचा उगम नजरेआड ठेवून फक्त त्याचा प्रकाश वापरायचा, हा विचार जुनाच आहे. डेन्मार्कचे दिव्यांचे रचनाकार पॉल हेनिंगसेन यांनी १९२०च्या दशकात एकाखाली एक अशा तीन छत्र्यांचे दिवे याच हेतूने घडवले होते. या दिव्यातल्या परावर्तकावर बारीक पैलू आहेत. प्रत्येक पैलू प्रकाशाचा आपला वाटा थोड्या वेगळ्या दिशेला टाकतो, आणि ते सगळे वाटे एकमेकांत मिसळून कागदावर एकसारखा उजेड पडतो. माझ्या आधीच्या दिव्यात उघड्या एलईडींची रांग होती, आणि पेन्सिल कागदावर टेकवली की तिच्या टोकाशी तीन-चार फिकट सावल्या पंख्यासारख्या पसरत. या दिव्याखाली पेन्सिलला एकच मऊ सावली असते. ‘प’ आणि ‘ष’ यांच्यातली ती एक तिरकी रेघ, किंवा अनुस्वाराचा टिंब खरोखर छापला गेला आहे की कागदावरच कण आहे, हे ठरवताना त्या फालतू सावल्यांचा किती त्रास होत होता, हे त्या गेल्यावरच मला कळले. चकचकीत आर्ट पेपरवर मजकुरावर पसरणारा पांढरा झगझगाटही येथे बराच कमी आहे, कारण परावर्तकाचा आकार असा ठेवला आहे की कागदावरून उसळणारा प्रकाश डोळ्यांच्या दिशेने न येता बाजूला निघून जातो.

असा परावर्तक प्लॅस्टिकचा करता येणे ही दिव्यांच्या बांधणीतली तशी अलीकडची सोय आहे. तारेच्या बल्बमध्ये विजेचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग उष्णतेत जातो, आणि त्यातली बरीचशी उष्णता प्रकाशाबरोबरच समोर फेकली जाते. तिच्यापुढे साधे प्लॅस्टिक तग धरत नाही, म्हणून जुन्या टेबललॅम्पची शेड बहुधा पत्र्याची असे. एलईडीची गोष्ट उलटी आहे. तीही तापते, पण तिची उष्णता मुख्यतः पाठीमागून, ज्या पट्टीवर ती बसवलेली असते त्या पट्टीत उतरते, आणि समोर येणाऱ्या प्रकाशात उष्णतेचे किरण जवळजवळ नसतात. या दिव्यात पुढच्या काठामागे ॲल्युमिनियमची जाड पट्टी आहे. तासाभराने ती हाताला चांगली गरम लागते, तर चार बोटांवर असलेला परावर्तक जेमतेम कोमट असतो. शिवाय लेथवर दाबून वाकवलेल्या पत्र्याला वाटीसारखा गोल आकार देता येतो, पण असे शेकडो पैलू पाडता येत नाहीत. साच्यात ओतलेल्या प्लॅस्टिकला ते सहज पडतात, आणि मग उरते ते त्याला आरशासारखे करणे.

हे काम निर्वातात होते. प्लॅस्टिकच्या भागावर आधी लॅकरचा, म्हणजे गुळगुळीत रोगणाचा, एक थर देऊन तो कडक करतात, कारण धातूचा थर इतका पातळ असतो की खालचा प्रत्येक ओरखडा वर उमटून दिसतो. मग हे भाग बंद पेटीत टांगून आतली हवा जवळजवळ संपूर्ण काढून घेतात आणि टंगस्टनच्या वेटोळ्यावर अडकवलेले ॲल्युमिनियमचे तुकडे तापवतात. ॲल्युमिनियम वितळते, टंगस्टनवर पसरते आणि पाहता पाहता वाफ होऊन उडते. पेटीत हवाच नसल्याने त्या वाफेचे अणू वाटेत कशाला न अडखळता सरळ रेषेत जातात आणि समोर जे असेल त्यावर बसतात. असा थर साधारण ०.१ मायक्रॉन जाड असतो (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड धरला, तर हा थर त्याचा सातशेवा भाग झाला. तरीही तो दृश्य प्रकाशाचा जवळजवळ ९० टक्के भाग परत फेकतो. चांदी याहून थोडी सरस असते, पण ती हवेतल्या गंधकाने काळवंडते. अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेतल्या १०० इंची दुर्बिणीच्या आरशावर १९३५ मध्ये जॉन स्ट्राँग यांनी चांदीऐवजी याच पद्धतीने ॲल्युमिनियम चढवले. दूरच्या ताऱ्यांचा प्रकाश गोळा करण्यासाठी वापरलेली ती युक्ती आज माझ्या टेबलावर छापील पानासाठी राबते आहे, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

अणू सरळ रेषेतच जातात याची खूण या परावर्तकावर प्रत्यक्ष पाहता येते. परावर्तक उलटा करून विजेरी मारली, की मागच्या खोल कोपऱ्यात, जिथे काठाची आड येते तिथे, नखाएवढ्या जागेत मुलामा किंचित करडा दिसतो. तिथपर्यंत वाफ नीट पोहोचलेली नाही. ही आड टाळण्यासाठी पेटीत भाग फिरते ठेवतात. येथे तो कोपरा तरीही राहून गेला आहे. प्रकाशाच्या दृष्टीने त्या जागेला काही महत्त्व नाही, त्यामुळे मी याला दोष म्हणणार नाही. बाकी सर्वत्र थर अखंड आहे, कुठेही टाचणीच्या टोकाएवढेही भोक नाही, आणि वरून दिलेला पारदर्शक रक्षक थरही चांगला असावा, कारण अडीच वर्षांत काठालाही कुठे पांढुरकेपणा आलेला नाही. धूळ मी फक्त फुंकणीने किंवा अगदी मऊ ब्रशने झटकते, फडक्याने कधीही पुसत नाही. पहिल्याच महिन्यात परावर्तक काढताना माझा अंगठा एका पैलूवर टेकला होता. त्याचा पुसट ठसा तिरप्या उजेडात आजही दिसतो. हा दिवा घेणाऱ्याने परावर्तक कडेलाच धरावा, आणि कंपनीने हे माहितीपत्रकात ठळकपणे लिहायला हवे होते.

आता नॉब. तो दिसायला क्रोमचा आहे, आणि प्लॅस्टिकवर खरे क्रोम चढवता येते हे नळाच्या चाव्या आणि गाड्यांच्या जाळ्या पाहणाऱ्या कोणालाही माहीत असते. ती पद्धत मात्र अगदी वेगळी आणि बरीच कष्टाची आहे. एबीएस या रबराचे कण मिसळलेल्या कठीण प्लॅस्टिकला क्रोमिक आणि सल्फ्युरिक आम्लाच्या मिश्रणात बुडवले, की त्यातले ते कण विरघळतात आणि पृष्ठभागावर असंख्य सूक्ष्म खळगे पडतात. त्या खळग्यांत पॅलेडियमचे कण बसवून त्यांच्या आधाराने निकेलचा किंवा तांब्याचा पहिला थर विजेशिवाय, निव्वळ रासायनिक क्रियेने जमवतात. प्लॅस्टिकमधून वीज वाहत नाही, म्हणून हा पहिला थर असाच बसवावा लागतो. ॲबनर ब्रेनर आणि ग्रेस रिडेल या अमेरिकी संशोधकांनी १९४६च्या सुमारास विजेविना निकेल चढवण्याची जी रीत दाखवली, तिच्यामुळे पुढे हे शक्य झाले. त्यानंतर नेहमीच्या प्लेटिंगने, म्हणजे विजेच्या साहाय्याने धातू चढवून, तांबे, निकेल आणि सर्वांत वर क्रोमचा अगदी पातळ थर येतो. धातूची मुळे खळग्यांत रुतलेली असतात आणि एकूण जाडी निर्वातातल्या थराच्या शेकडो पट असते, म्हणून असा भाग वर्षानुवर्षे हाताळला तरी टिकतो.

माझ्या दिव्याचा नॉब असा नव्हता. खऱ्या प्लेटिंगचा पापुद्रा निघाला तर तो कडक, धारदार असतो, बोट कापू शकतो, आणि उलटून पाहिला तर त्याची पाठ अनेकदा तांबूस दिसते. माझ्या हाताला लागले ते कांद्याच्या पातीवरच्या सालीसारखे मऊ, पारदर्शक लॅकरचे तुकडे, ज्यांच्या एका बाजूला चंदेरी धूळ होती. खाली थेट पांढरट प्लॅस्टिक. नखाने टिचकी मारल्यावर नॉबचा आवाजही बोदा येतो, धातूचा टणत्कार येत नाही. म्हणजे परावर्तकावर वापरलेलीच निर्वात पद्धत, वर गडद छटेचे लॅकर देऊन, नॉबवर वापरली होती. परावर्तकाला कोणाचा हात लागत नाही. नॉबला रोज घाम, तेल, घर्षण आणि पिळण्याचा ताण सोसावा लागतो. त्यात तापमान बदलले की एबीएस ॲल्युमिनियमच्या तिप्पट-चौपट फुगते आणि आक्रसते. केसाच्या सातशेव्या भागाएवढ्या थराकडून हे सगळे सहन होण्याची अपेक्षा ठेवणे हीच मूळ चूक आहे.

खऱ्या प्लेटिंगपासून उत्पादक दूर का जातात, हे मी समजू शकते. त्या आम्लातले षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे, आणि युरोपीय संघात सप्टेंबर २०१७ पासून क्रोमियम ट्रायऑक्साइड, म्हणजे ज्यापासून ते क्रोमिक आम्ल बनते तो पदार्थ, वापरायला विशेष परवानगी लागते. कारखान्यात काम करणाऱ्यांच्या जिवापुढे माझ्या नॉबची चकाकी मला मुळीच महत्त्वाची वाटत नाही. पण मग तो नॉब साधा काळा, खडबडीत प्लॅस्टिकचा ठेवायला काय हरकत होती? हाताला पकडही चांगली मिळाली असती आणि काही सोललेही नसते.

त्यातही ही झीज मुळात टाळता येण्याजोगी होती. जॉर्ज कार्वर्डीन या वाहनांच्या स्प्रिंगांवर काम करणाऱ्या अभियंत्याने १९३२ मध्ये स्प्रिंगांनी तोललेल्या हातांच्या दिव्याचे पेटंट घेतले, आणि तेव्हापासून टेबललॅम्प एका बोटाने हलवून हव्या त्या जागी थांबवता येतो. या दिव्यात स्प्रिंगा नाहीत. सांधे केवळ घर्षणावर थांबतात, आणि मान झुकू लागली की नॉब पिळावाच लागतो. मी दिवसातून चार-सहा वेळा तरी तो पिळते. ज्या बांधणीने नॉबला सतत हाताखाली आणले, तिनेच त्याला सर्वांत नाजूक मुलामा द्यावा, हे मला फार खटकते.

तक्रारीचा अनुभव थोडक्यात सांगते. कंपनीने नम्रपणे उत्तर दिले, नवा नॉब विनामूल्य पाठवला, आणि तो हुबेहूब पहिल्यासारखाच होता. वर्षाच्या आत तोही त्याच जागी, अंगठा टेकतो त्या कडेला, सोलू लागला. बिनमुलाम्याचा नॉब मिळेल का, असे मी लिहून विचारले, तर असा भाग बनवत नाहीत असे उत्तर आले. परावर्तकही सुटा विकत मिळत नाही. एलईडीची पट्टी दोन स्क्रू काढून बदलता येते आणि परावर्तक तीन खाचांतून अलगद निघतो, म्हणजे दुरुस्तीचा विचार करून बांधलेल्या दिव्याला सुटे भाग मात्र नाहीत. ही उणीव कंपनीने भरून काढावी.

ज्यांचा दिवा टेबलावर एका जागी स्थिर राहतो आणि ज्यांना तासन्‌तास छापील मजकूर वाचायचा असतो, त्यांनी हा दिवा अवश्य घ्यावा. या प्रकाशाच्या तोडीचे मी दुसरे काही वापरलेले नाही. सतत मान हलवावी लागणाऱ्यांनी, म्हणजे चित्र काढणाऱ्यांनी किंवा बारीक जोडकाम करणाऱ्यांनी, स्प्रिंगांचा दिवा पाहावा. मी दुसरा नॉब काढून त्या बोल्टच्या आट्यांना जुळणारा काळ्या नायलॉनचा साधा नॉब बसवला आहे. गेले सात महिने तो रोज पिळला जात आहे आणि त्याच्या कडेवरच्या रेघा अजून तशाच उठावदार आहेत.