देलाक्रुआचा जनाना: पॅरिसचा पाहावा की माँपेलिएचा?

फ्रान्सला जाताय आणि फ्रेंच चित्रकार देलाक्रुआने रंगवलेली, अल्जेरियातल्या अल्जिअर्सच्या बायकांची खोली बघायची आहे? अडचण अशी, की ती त्याने दोनदा रंगवली. १८३४चं चित्र पॅरिसला लूव्रमध्ये आहे, १८४९चं दक्षिण फ्रान्समधल्या माँपेलिएच्या फाब्र संग्रहालयात.

लूव्रचं चित्र १८० बाय २२९ सेंटिमीटरचं. समोर उभं राहिलं की आपण त्या खोलीत न विचारता शिरलोय असं वाटतं. मागे फडताळाची दारं किलकिली, फरशीवर काढून ठेवलेल्या सपाता, एकीच्या हाताशी हुक्क्याची नळी. उजवीकडच्या बाईच्या हिरव्या सुरवारीवर बारीक पिवळी नक्षी आहे, ती जवळ जाऊन बघा. चार पावलं मागे आलात की नक्षी विरते आणि तो हिरवा नुसता लखलखतो. रंगासाठी जाणार असाल तर पुढे वाचूच नका, लूव्रचं तिकीट काढा.

पण उत्तर आफ्रिकेतलं घर आतून कसं होतं ते कळेल म्हणून जात असाल, तर जरा थांबा. १८३२ मध्ये मोरोक्कोला गेलेल्या फ्रेंच शिष्टमंडळाबरोबर देलाक्रुआ होता. अल्जिअर्सला तो थांबला जेमतेम तीन दिवस. शहर दोनच वर्षांपूर्वी फ्रान्सने घेतलेलं. परक्या पुरुषासाठी आतलं दार का उघडलं, याचं निम्मं उत्तर तिथेच मिळतं. जलरंगातल्या टिपणांवर त्याने बायकांची नावं लिहिली होती, मुनी, झोरा. मोठं चित्र पॅरिसमध्ये, सोबत आणलेले कपडे वापरून झालं, आणि नावं गळून नुसत्या ‘अल्जिअर्सच्या बायका’ उरल्या. कापड खरं असेल. निवांतपणाची खात्री मी देणार नाही. या घरात पोरं नाहीत, धुणं नाही. कामाला एकटी कृष्णवर्णीय दासी, तीही आपल्याकडे पाठ करून निघालेली.

माँपेलिएचं चित्र निम्म्याहून लहान, साधारण ८४ बाय १११. बायका मागे सरकल्यात, कोपरे अंधारलेत, नक्षीकाम बरंचसं सावलीत बुडालंय. दासी आता पडदा बाजूला सारते आहे, नाटकातल्यासारखा. पंधरा वर्षांनी आठवणीत जे शिल्लक राहिलं ते हे, आणि आपण आठवण रंगवतोय हे ते लपवत नाही. मला म्हणूनच ते जास्त प्रामाणिक वाटतं. देखणं मात्र लूव्रचंच, वाद नको.

पहिल्यांदाच जात असाल तर लूव्र. ते आधी पाहिलं असेल, तर जलद गाडीने साडेतीन तासांच्या आसपासचा प्रवास करून माँपेलिए गाठा. लूव्र मंगळवारी बंद असतं, फाब्र सोमवारी. दक्षिणेची गाडी मंगळवारचीच पकडा.