तीन लिटरचा डेमो, दोनशे लिटरचा टँक

पहिला रीफ टँक, म्हणजे कोरलचं (प्रवाळांचं) खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय, लावायला निघालेल्या माणसाला ‘सगळं एकत्र देतो’ म्हणणारा विक्रेता आवडतो आणि त्या विक्रेत्याला असा माणूस त्याहून जास्त आवडतो. मला विकलेल्या सेटमध्ये काचेचा टँक, संप (टँकखालची पाणी गाळायची टाकी), स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं यंत्र), एलईडी लाइट, हीटर आणि ‘पाव हॉर्सपॉवर चिलर, ३०० लिटरपर्यंत’ असं लिहिलेलं पाणी थंड करायचं यंत्र, असं सगळं होतं. टँक आणि संप मिळून माझं पाणी २०० लिटर. म्हणजे कागदावर चिलरला शंभर लिटरची मोकळीक होती. प्रत्यक्षात ते यंत्र चिलर नव्हतंच, आणि हे कळेपर्यंत माझे बरेचसे कोरल पांढरे पडले होते. हे लिहितोय कारण तोच डबा अजून विकला जातोय.

आधी डेमोबद्दल, कारण सगळी हातचलाखी तिथे होती. विक्रेत्याने एका पारदर्शक भांड्यात साधारण तीन लिटर पाणी घेतलं, त्यात यंत्राच्या दोन्ही नळ्या सोडल्या आणि बटण दाबलं. अर्ध्या तासात पाणी चार अंशांनी उतरलं. थर्मामीटर माझाच होता, त्यामुळे आकडा खरा होता. “बघा साहेब, अर्ध्या तासात चार अंश!” तो म्हणाला. भांडं केवढं आहे याचा उल्लेख त्याने केला नाही. एक लिटर पाणी १ अंशाने थंड करायला त्यातून सुमारे १.१६ वॉट-तास उष्णता काढावी लागते. तीन लिटर चार अंशांनी उतरवायला १४ वॉट-तास, म्हणजे अर्ध्या तासात हे करणाऱ्या यंत्राची ताकद झाली जेमतेम २८ वॉट. माझ्या २०० लिटरला एकेका अंशासाठी २३० वॉट-तासांच्या आसपास लागतात. ते यंत्र आठ तास चाललं तर एक अंश, तोही दरम्यान पाणी दुसऱ्या कशानेच तापत नसेल तर.

पण रीफ टँकमध्ये पाणी सतत तापत असतं. पाण्यात बुडालेला पंप जितके वॉट खातो, ते जवळजवळ सगळे शेवटी उष्णता होऊन पाण्यातच उतरतात. वर लाइट, बाजूला खोलीची हवा. आणि विक्रेत्याने चिलरला पाणी पुरवायला म्हणून जो पंप ‘सोबत फ्री’ दिला होता, तो २२ वॉटचा. २८ वॉट बाहेर काढायचे आणि त्यासाठी २२ वॉट आत टाकायचे! वीज मात्र दोघांची भरायची.

टँकमध्ये पाणी २९ च्या वर जाऊ लागलं. रीफसाठी साधारण २४ ते २७ अंश ठेवतात आणि दिवसभरातली वरखाली एका अंशाच्या आत राहावी असं बघतात. समुद्रातसुद्धा एखाद्या भागाच्या नेहमीच्या सर्वात उष्ण महिन्यापेक्षा पाणी अवघं १ अंश जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं, तर कोरल ब्लीच होऊ लागतात. त्यांच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शैवाल, ज्याला झूझँथेली म्हणतात, बाहेर टाकलं जातं. रंग जातो आणि अन्नाचा मोठा वाटाही जातो. माझ्याकडे आधी टॉर्च नावाचा कोरल मिटून बसला, मग हॅमर कोरल. झोअँथिड कोरल फिके झाले. मशरूम कोरल तेवढे तग धरून होते. क्लाउनफिश पृष्ठभागाशी येऊन जोरजोरात कल्ले हलवत होते, कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो.

आणि यंत्राच्या पडद्यावर आकडा काय? २५.५. रोज, सकाळ-संध्याकाळ.

फोन केल्यावर विक्रेत्याची उत्तरं तयार होती. पहिलं, “साहेब, तुमचा थर्मामीटर चुकतोय.” मग मी बर्फ बारीक कुटून त्यात थोडं पाणी घातलं, नीट ढवळलं आणि थर्मामीटर त्यात धरला. अशा लगद्याचं तापमान शून्य असतं. माझा थर्मामीटर ०.२ दाखवत होता. हे सांगितल्यावर दुसरं उत्तर आलं: “नवीन टँक आहे, कोरल सेट व्हायला वेळ घेतात, रंग बदलतातच.” तिसऱ्या वेळी त्याने मला कोरलच्या खाद्याची बाटली विकायचा प्रयत्न केला. गरम पाण्यात गुदमरणाऱ्या कोरलला वरून खाद्य ओतलं असतं तर ते कुजून पाण्यात नायट्रेट वाढलं असतं, आणि मग त्यावरचं औषधही त्याच्याकडेच असणार.

पडद्यावरच्या आकड्याचं गूढ एका साध्या प्रयोगात सुटलं. यंत्र चालू ठेवून मी फक्त पुरवठ्याचा पंप बंद केला. टँकच्या पाण्याला काहीच झालं नाही, पण पडदा २५ वरून भराभर २० च्या खाली उतरला. सेन्सर टँकमध्ये नव्हताच, तो यंत्राच्या आतल्या थंड ठोकळ्याला चिकटवलेला होता. यंत्र स्वतःचंच तापमान मोजून स्वतःला शाबासकी देत होतं.

मग झाकण उघडलं. कॉम्प्रेसर नाही, गॅसची नळी नाही. तळहातापेक्षा लहान अशी एकच पेल्टियर टाइल, तिच्यामागे संगणकात असतो तसा पंखा आणि पुढे ॲल्युमिनियमचा ठोकळा. झाँ पेल्टिये यांनी १८३४ साली दाखवलेला हा परिणाम खोटा नाही. दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यांतून वीज गेली की एक सांधा गार आणि दुसरा गरम होतो. छोट्या नॅनो टँकसाठी प्रामाणिकपणे पेल्टियर म्हणून विकलेले कूलर चालतातही. पण अशी टाइल ६० वॉट खाऊन व्यवहारात त्याच्या निम्मी-शिम्मी उष्णता हलवते. कॉम्प्रेसरचा चिलर खाल्लेल्या विजेच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त उष्णता बाहेर काढू शकतो. ‘पाव हॉर्सपॉवर’ हा शब्द कॉम्प्रेसरचा आहे. या डब्यावर तो एका स्टिकरवर छापलेला होता, आणि स्टिकर सोलल्यावर खाली मूळ कंपनीचा पट्टा निघाला: १२ व्होल्ट, ६ अँपियर.

ॲल्युमिनियमचा ठोकळा खाऱ्या पाण्याने पांढरट भुकटी सोडायला लागला होता. समुद्री पाण्यासाठी चिलरच्या आतलं कॉइल टायटॅनियमचं लागतं. तांब्याचं कॉइल निघालं असतं तर याहून वाईट झालं असतं, कारण तांबं अगदी थोड्या प्रमाणातसुद्धा कोरल, कोळंबी आणि गोगलगायींना मारतं.

आता बाकीच्या सेटकडे शंकेने पाहणं आलंच. लाइटवर १६५ वॉट लिहिलेलं, वॉटमीटरवर ७८. हीटरच्या रबरी टोपीखाली जुना क्षार साठलेला दिसला, म्हणजे वापरलेला माल घासून दिला होता. बादलीत टाकून पाहिला: डायल २५ वर, पाणी ३१ झालं तरी दिवा जळतच होता. आतल्या थर्मोस्टॅटचे संपर्क वितळून चिकटले की हीटर बंदच होत नाही. ३०० वॉटचा असा हीटर थंडीत एका रात्रीत सगळा टँक शिजवू शकतो. माझा बादलीतच पकडला गेला. स्किमर बरा निघाला, तेवढं श्रेय देतो.

पैसे परत मिळाले नाहीत. “विजेची वस्तू उघडली की वॉरंटी संपते,” हे वाक्य त्याने जितक्या शांतपणे उच्चारलं, त्यावरून ते रोजच्या वापरातलं असावं. नंतर त्याच डब्याची जाहिरात पाहिली. फोटो तोच, आकडा बदललेला: ‘४०० लिटरपर्यंत’.

टँक वाचला तो चिलरने नव्हे. संपवर आणि टँकच्या पृष्ठभागावर वारा घालणारे दोन लहान पंखे लावले. एक लिटर पाणी वाफ होऊन उडतं तेव्हा ६७० वॉट-तासांच्या घरात उष्णता घेऊन जातं. २०० लिटरच्या हिशेबात ते जवळजवळ तीन अंश. पंखा स्वतः मोजून पाच वॉटचा. हवा दमट असली की बाष्पीभवन मंदावतं आणि पंख्याचा उपयोग घटतो, हे खरं. शिवाय पाणी उडतं, मीठ मागे राहतं, म्हणून उडालेलं पाणी रोज आरओ-डीआयच्या, म्हणजे फिल्टरने क्षार काढलेल्या गोड्या पाण्याने भरायचं. इथे चुकून खारं पाणी घातलं तर क्षारता चढत जाते. क्षारता मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर पाण्याची सापेक्ष घनता १.०२५ च्या आसपास धरून ठेवतो. उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र, ऑटो टॉप-ऑफ, लावल्यापासून हे काम डोक्यावरून उतरलं.

हीटर आता दोन आहेत, लहान, प्रत्येकी १०० वॉट, आणि दोन्ही एका स्वतंत्र टेंपरेचर कंट्रोलरमधून चालतात. कंट्रोलरचा प्रोब, म्हणजे सेन्सर, टँकच्या पाण्यात, ठोकळ्याला चिकटवलेला नाही. एक हीटर अडकून चालू राहिला तरी पाणी तितक्या झपाट्याने तापणार नाही आणि कंट्रोलर वीज तोडेल.

ज्यांच्या खोलीत पंख्याने भागत नाही त्यांना खरा चिलर लागेलच. तो घेताना नेमप्लेट वाचा. कॉम्प्रेसरच्या चिलरवर गॅसचं नाव आणि वजन लिहिलेलं असतं, आर १३४ ए वगैरे. ते नसेल तर आत बहुधा टाइल आहे. वॉटमीटर सोबत न्या. ‘किती लिटरसाठी’ असं विचारू नका, ‘हवा ३२ अंश असताना किती वॉट उष्णता काढतो’ असं विचारा. डेमो बघायचाच असेल तर २० लिटरची बादली भरून मागा आणि थर्मामीटर तुमचा. ३०० वॉट उष्णता काढणारं यंत्र त्या बादलीचा एक अंश पाचेक मिनिटांत उतरवेल. माझ्या डब्याला त्यालाच पाऊण तास लागला असता. आणि चिलर बंद कॅबिनेटमध्ये ठेवायला कोणी सुचवलं, तर ती उष्णता कुठे जाणार, हे त्यालाच विचारा.