स्क्रीनशॉटची परदेशी सर्व्हिस बंद केली, दिवाळीपासून स्वतःचा सेटअप वापरतोय

वेबपानाचा पत्ता दिला की त्याचा स्क्रीनशॉट काढून देणाऱ्या सर्व्हिसचं रिन्यूअलचं बिल आलं आणि यावेळी मी ते भरलंच नाही. डॉलरमधला प्लॅन, त्यावर जीएसटी, त्यावर कार्डवाल्यांचा फॉरेक्स चार्ज, आणि एवढं करून पान कोरं आलं तरी क्रेडिट कापलं जायचं. सपोर्टला मेल टाकला की ठरलेलं उत्तर, तुमची रिक्वेस्ट पूर्ण झाली आहे. पूर्ण कशी झाली, इमेज पांढरीफटक आहे ना!

आमचं काम छोट्या मराठी वेबसाइट्सचं, पतसंस्था, शाळा, कोकणातले होमस्टे. त्यात पतसंस्थेचं प्रकरण नाजूक असतं. ठेवींचे दर बदलले की डेटाबेसमध्ये बदलायचे आणि साइटवर नवा दर दिसला की लगेच त्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवायचा, कारण नंतर कधीतरी मॅनेजर साहेबांचा फोन येतोच, "अहो ज्येष्ठ नागरिकांचा रेट साइटवर जुनाच होता म्हणे, सभासद भांडायला आलेत." तारीख-वेळेसकट इमेज पाठवली की विषय तिथंच मिटतो. हे काम माणसाच्या लक्षात राहण्यावर सोडून चालत नाही.

सुरुवातीचा सेटअप असा: पोस्टग्रेस या डेटाबेसमधल्या दरांच्या टेबलवर ट्रिगर (बदल झाला की आपोआप चालणारा कोड), दर बदलला की नोटिफाय म्हणजे डेटाबेसचा संदेश, आमच्याच सर्व्हरवरचं एनएटएन (n8n, ठरलेली कामं आपोआप करणारं टूल) ते ऐकतं, साइटची कॅश म्हणजे साठवलेली जुनी प्रत क्लिअर होईपर्यंत मिनिटभर थांबतं आणि पपेटिअरला (क्रोम ब्राउझर कोडने चालवणारी लायब्ररी) यूआरएल देतं. नोटिफाय कमिट झाल्यावरच, म्हणजे बदल डेटाबेसमध्ये पक्का झाल्यावरच पोचतं, त्यामुळे बदल अर्धवट असताना फोटो निघायची भीती नाही. सर्व्हर आधीपासूनच होता, फक्त रॅम वाढवली, तेवढाच खर्च.

आता फॉन्टचं सांगतो, कारण सगळ्यात जास्त वेळ यानेच खाल्ला. पहिले स्क्रीनशॉट आले तर इंग्रजी आकडे व्यवस्थित आणि मराठीच्या जागी नुसते चौकोन. क्रोम डॉकर कंटेनरमध्ये (सर्व्हरवरच्या वेगळ्या डब्यात) चालतं आणि डॉकरच्या स्लिम डेबियन इमेजमध्ये, म्हणजे लिनक्सच्या छाटलेल्या साच्यात, देवनागरी फॉन्टच नसतो. ऑफिसच्या विंडोजवर निर्मला यूआय किंवा मंगल असतो म्हणून तिथं कधी कळत नाही. त्यात ज्या साइट्स मुक्तासारखा वेबफॉन्ट स्वतः लोड करतात त्या बरोबर येत होत्या आणि बाकीच्यांचे चौकोन, त्यामुळे दोष कुठे आहे तेच समजेना. शेवटी फॉन्ट्स-नोटो-कोअर हे नोटो फॉन्टचं पॅकेज टाकलं, एफसी-लिस्ट या फॉन्टची यादी दाखवणाऱ्या कमांडला भाषा एमआर (मराठी) देऊन नोटो सान्स देवनागरी दिसतोय का बघितलं, आणि चौकोन गेले.

पण मग माझं लक्ष ल आणि श कडे गेलं. सगळे हिंदी वळणाचे! नोटोमध्ये दोन्ही रूपं आहेत, पानाच्या एचटीएमएल टॅगला लँग एमआर असेल तर पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श मिळतो, नाहीतर हिंदीवाला. बहुतेक टेम्प्लेट्समध्ये लँग ईएन (इंग्रजी) पडलेलं होतं. ऑफिसमधले म्हणाले कोण बघतंय एवढं, पण हीच दोन रूपं वापरा असं महाराष्ट्राच्या 2009च्या शासन निर्णयातच आहे, आणि ज्या संस्थेच्या नावातच महालक्ष्मी आहे तिच्या पानावर ल नीट नको का? एकेक टेम्प्लेट उघडून लँग बदललं. बदलल्यावरचा पहिला स्क्रीनशॉट बघून जो आनंद झाला तो त्या विकतच्या सर्व्हिसने कधी दिला नव्हता.

नोटिफायबद्दल मात्र मत बदललंय. सुरुवातीला मी भेटेल त्याला सांगायचो की नुसत्या ट्रिगर आणि नोटिफायवर सगळं भागतं. मग 31 मार्चच्या रात्री सर्व्हर रीस्टार्ट झाला, त्याच वेळात 1 एप्रिलचे नवे दर चढले, आणि एकही स्क्रीनशॉट नाही. पोस्टग्रेस नोटिफिकेशन साठवून ठेवत नाही, त्या क्षणी ऐकणारा कोणी नसेल तर ते गेलंच. आता ट्रिगर एका वेगळ्या जॉब्स टेबलमध्ये ओळ टाकतो, एनएटएन दर मिनिटाला फॉर अपडेट स्किप लॉक्डने (दुसऱ्या कोणी धरलेली ओळ सोडून पुढची घेणारी क्वेरी) एक ओळ उचलतं, आणि स्क्रीनशॉट फसला तर ओळ तिथंच राहते, पुढच्या फेरीत परत प्रयत्न होतो. स्किप लॉक्ड पोस्टग्रेस 9.5 पासून आहे, म्हणजे जुन्या सर्व्हरवरही चालेल. फक्त इमेजचा पत्ता दरांच्याच ओळीत परत लिहू नका, तो अपडेट ट्रिगरला पुन्हा उठवतो आणि चक्र थांबतच नाही. लिहायचाच असेल तर ट्रिगरला दराचा कॉलम नेमून द्या आणि जुनी-नवी किंमत वेगळी असेल तरच चालव असं सांगा.

बाकी किरकोळ गोष्टी आहेत. डॉकर शेअर्ड मेमरी फक्त 64 एमबी देतं, लांब पानावर क्रोम पडतं, ती वाढवा. चॅट विजेट असलेल्या साइटवर नेटवर्कआयडल झिरो (एकही कनेक्शन चालू नसेपर्यंत थांब) लावलं तर नेटवर्क कधी शांतच होत नाही, 30 सेकंदांनी टाइमआउट येतो, तिथं नेटवर्कआयडल टू (दोनपर्यंत कनेक्शन चालू असली तरी चालेल) लावा. होमस्टेच्या गॅलरीत फोटो लेझी लोड होतात, आधी पान खालपर्यंत स्क्रोल करून मगच क्लिक. आणि कंटेनरचं घड्याळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असतं, म्हणजे इमेजवरची वेळ साडेपाच तास मागे. पुरावा म्हणून दाखवायची असेल तर टाइमझोन एशिया/कोलकाता करणं पहिल्या दिवशीच उरका, नाहीतर सकाळी नऊला बदललेला दर इमेजवर पहाटे साडेतीनचा दिसतो आणि सभासद त्यावरही भांडतो.

महिन्याला पाच-दहाच पानं असतील तर एवढ्यात पडू नका, ब्राउझरमधून हाताने काढा. दर सतत बदलणारे क्लायंट असतील तर लावाच, आणि दरपत्रकाची पानं पीएनजीतच ठेवा, जेपीईजीत बारीक आकड्यांच्या कडा फाटतात आणि 7.25 मधला टिंब दिसेनासा होतो.