रेल्वेच्या जुन्या पुलाचं चित्र हॉलमध्ये लावायचंय: ओरिजिनल पान घ्यायचं, नवीन प्रिंट की कॅनव्हास?

कॅनव्हास आधीच बाद करून टाकतो. पेंटिंगला ठीक आहे, पण ही जुनी, लाकडावर कोरून छापलेली चित्रं म्हणजे नुसत्या रेघा असतात आणि कॅनव्हासची वीण त्या रेघांच्या मध्ये येते, कमानीखालची सावली बघायला गेलं की करडा धब्बा दिसतो. मोठ्या साइझमध्ये स्वस्त पडतो म्हणून लोक घेऊन राहिले, बाकी काही नाही.

खरा प्रश्न ओरिजिनल की नवीन प्रिंट हाच आहे.

ओरिजिनल म्हणजे बहुतेक वेळा 1850-60 च्या सचित्र इंग्रजी साप्ताहिकाचं सुटं पान, इलस्ट्रेटेड लंडन न्यूज वगैरे, जे 1842 ला सुरू झालं. ही चित्रं बॉक्सवुड नावाच्या कडक लाकडाच्या ठोकळ्यांवर कोरायचे, आणि ते झाड बारीक असल्यामुळे मोठा ठोकळा मिळायचाच नाही, मग छोटे छोटे ठोकळे बोल्टने जोडायचे आणि वेगवेगळे कारागीर एकाच चित्राचे तुकडे कोरायचे. जोड नीट बसला नसेल तर आजही पानावर केसाएवढी पांढरी रेघ आडवी-उभी गेलेली दिसते, कधी तर पुलाच्या मधोमध! मला तर ती फार आवडते. पण नुसती ती रेघ बघून ओरिजिनल समजू नका, स्कॅनमध्येही ती येतेच. भिंग लावा, जुन्या छपाईत रेघ सलग काळी दिसते, नवीन प्रिंटमध्ये तिच्या कडेला बारीक ठिपके दिसतात. आणि पान उलटून बघा, मागे बहुतेक वेळा बातम्या छापलेल्या असतात. रंगीत असेल तर रंग बहुतेक नंतर कोणीतरी हाताने भरलेला, त्यासाठी जास्त पैसे काऊन द्यायचे?

कागदाची भीती वाटते तेवढी नाही, त्या काळात कागद बराचसा चिंध्यांपासून व्हायचा, नंतरच्या लाकडी लगद्याच्या कागदापेक्षा तो जास्त टिकतो. प्रॉब्लेम आपल्या नागपूरचा आहे. मे महिन्यात बाहेर 45 डिग्री कोरडी हवा, घरात कूलर चालू म्हणून दमट, मग लगेच पावसाळा, कागद फुगतो-आकसतो आणि लाटा येतात, तपकिरी डाग पडतात, कसर लागते ती वेगळीच. फक्त एसी असलेली, आतली, ऊन न येणारी भिंत असेल तर ओरिजिनल घ्या. कूलरच्या झोतात येणाऱ्या भिंतीवर लावायचं असेल तर भाऊ, राहू द्या.

नवीन प्रिंटमध्ये सगळा खेळ फाइलचा आहे. एवढ्या जुन्या चित्रांवर कॉपीराइट राहिलेला नाही, चांगले स्कॅन फुकटात मिळतात, पण ए3 प्रिंटला 300 डीपीआय (म्हणजे एका इंचात 300 ठिपके) धरलं तर लांब बाजूला 5000 च्या आसपास पिक्सेल लागतात. मोबाइलवर आलेली इमेज मोठी करून छापली की आकाशातल्या समांतर रेघांमध्ये नसलेले पट्टे उमटतात, साडीवर उमटावेत तसे, आणि मग कितीही भारी पेपर घ्या, ते जात नाहीत. म्हणून आधी आकाशाचा हातभर नाही, पोस्टकार्डाएवढा तुकडा टेस्ट प्रिंट काढून मागा. पेपर मॅट कॉटनचा, शाई पिगमेंटची (म्हणजे बारीक रंगकणांची), ग्लॉसी फोटो पेपर अजिबात नको. साइझही फार वाढवू नका, ही चित्रं हातात धरून बघायसाठी कोरलेली आहेत, सोफ्यामागे चार फुटी करून टांगलं की रेघा जाड आणि ओबडधोबड दिसतात.

पूल कोणता? इंग्लंडमधला रिबलहेड देखणा आहे, 24 कमानी, वाद नाही. पण मी ठाण्याच्या खाडीवरचाच घेईन. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदर-ठाणे गाडी धावली, पुढच्या वर्षी खाडी ओलांडून कल्याणला गेली, आणि त्याच जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे कंपनीची लाइन 1867 मध्ये नागपूरला पोचली, म्हणजे पाहुण्यांना सांगायला काहीतरी आपलं आहे.

माझं मत नवीन प्रिंटकडेच जातं, ए3, कॉटन पेपरवर. उरलेले पैसे फ्रेमवर घाला, तिथेच लोक कंजुषी करतात. नागपुरात बर्डीत किंवा महाल भागात, जिथे फ्रेमिंगला टाकाल तिथे आधीच बजावून ठेवा: चित्र बोर्डाला पूर्ण चिकटवायचं नाही, फक्त वरच्या बाजूने दोन ठिकाणी धरायचं, म्हणजे कागदाला हलायला जागा राहते. माउंट बोर्ड ॲसिड-फ्री, आणि काच कागदाला टेकता कामा नये, नाहीतर जुलैत कागद काचेला चिकटतो आणि निघताना शाई घेऊन निघतो.