‘छोटी टेस्ट’ म्हणून फुकट डिझाइन काढून घेतात: नव्या यूएक्स डिझायनरांसाठी

पोर्टफोलिओत दोन-तीन केस स्टडी टाकून यूएक्स डिझायनरची, म्हणजे अ‍ॅप कसं दिसेल आणि वापरलं जाईल ते आखणाऱ्याची, पहिली नोकरी शोधायला लागलं की एक निरोप हमखास येतो: ‘तुमचं काम आवडलं. एक छोटी टेस्ट द्या, मग मुलाखत घेऊ.’ सोबत ब्रीफ, म्हणजे कामाचा तपशील, असतं. आमच्या अ‍ॅपचा साइन-अप ते पेमेंट एवढा भाग नव्याने करा, मोबाइल आणि डेस्कटॉप दोन्हींसाठी, कॉम्पोनंट्ससकट (बटणांसारखे पुन्हा वापरायचे तुकडे), तीन दिवसांत. फिगमा (स्क्रीन आखायचं ऑनलाइन साधन) फाइलला एडिट अ‍ॅक्सेस द्या. नवखा उमेदवार रात्री जागून काम पुरं करतो, लिंक पाठवतो, आणि तिथून पुढे कुणी मेलला उत्तरही देत नाही. काही महिन्यांनी तेच स्क्रीन, रंग तेवढे बदलून, त्या अ‍ॅपमध्ये दिसतात.

सगळ्याच टेस्ट खोट्या नसतात, म्हणून तर माणूस फसतो. पण खूण ब्रीफमध्येच असते. परीक्षा घेणाऱ्याला तुमचा विचार पाहायचा असतो: प्रश्न कसा समजून घेतला, कोणते पर्याय टाकून दिले आणि का. त्याला एक फ्लो (एक काम पुरं करायच्या पायऱ्या), तीन-चार स्क्रीन, अगदी कागदावरच्या वायरफ्रेम म्हणजे कच्चे आराखडेही पुरतात. प्रत्येक स्क्रीनच्या रिकाम्या, लोडिंगच्या, एररच्या आणि भरलेल्या अवस्था, बटणांचे सगळे व्हेरिएंट (प्रकार), एसव्हीजी आयकॉन, नीट नावं दिलेले लेअर हे सगळं लागतं ते कोड लिहिणाऱ्याला. टेस्टमध्ये हँडऑफचं, म्हणजे कोड लिहिणाऱ्याकडे सोपवायचं, सामान मागितलं असेल तर ते डिझाइन कुणीतरी बांधायला घेणार आहे, हे धरून चाला.

होकार द्यायच्या आधी हिशोब मांडा. ६ स्क्रीन, प्रत्येकीच्या ४ अवस्था, २ आकार: ४८ फ्रेम झाल्या. एका फ्रेमला अर्धा तास धरला तरी २४ तास, म्हणजे कामाचे तीन पूर्ण दिवस. खऱ्या टेस्टचं काम सहसा दोन ते चार तासांत आटपतं, आणि कधीकधी त्याचे पैसेही मिळतात.

याहून धूर्त प्रकार तुकड्यांचा. एकाला लॉगिन, दुसऱ्याला प्रोफाइल, तिसऱ्याला पेमेंट देतात. प्रत्येकाला आपलं काम लहानच वाटतं, त्यामुळे संशय येत नाही. पण सोबत कॉम्पोनंट लायब्ररी येते आणि ‘हीच वापरा, यातलं काही बदलू नका’ अशी सक्त सूचना असते. तुकडे शेवटी एकमेकांना जुळावेत म्हणून ही अट घातलेली असते. उमेदवाराची दृष्टी पाहायची असती तर टाइपफेस आणि स्पेसिंग निवडायची मोकळीक दिली असती.

उत्तरात सरळ विचारा: काम कोण तपासणार, कोणत्या निकषांवर, किती तास अपेक्षित आहेत, नंतर चर्चा किती वेळ होईल, आणि निवड झाली नाही तर कामाचा हक्क कुणाकडे राहील? खरी टीम याची उत्तरं पटकन देते. फसवणारे घाई करतात, ‘बाकीच्या उमेदवारांनी तर दिलं’ म्हणतात.

आपल्याकडून पर्यायही सुचवा. त्यांच्या चालू अ‍ॅपमधला एकच फ्लो घेऊन यूजेबिलिटी तज्ज्ञ याकोब नील्सन यांच्या १९९४ च्या दहा ह्युरिस्टिक्सवर (वापरसुलभतेच्या ढोबळ नियमांवर) तपासायचा, पाच अडचणी लिहायच्या आणि साध्या मजकुराचा कॉन्ट्रास्ट (अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक) ४.५:१ च्या खाली कुठे जातो ते दाखवायचं. दोन तासांचं काम, कौशल्य पुरेपूर दिसतं, आणि यातून कुणाला तयार स्क्रीन उचलता येत नाहीत. याला नकार देऊन पुन्हा पूर्ण फाइलच मागितली, तर तिथेच थांबा.

फाइल देताना होणारी चूक महाग पडते. ‘फक्त पाहण्याची परवानगी दिली आहे’ म्हणून निश्चिंत राहू नका. पाहणाऱ्याला त्या फाइलची प्रत आपल्या खात्यात काढता येते, आणि ते बंद करायची सोय फिगमाच्या सशुल्क योजनांमध्ये आहे. त्याऐवजी कमी रिझोल्यूशनचं, आपलं नाव आडवं टाकलेलं पीडीएफ द्या. त्यांच्या टीमच्या फाइलमध्ये तर काम करूच नका. तुम्हाला काढून टाकलं की फाइलही गेली आणि पुरावाही गेला. मोफत योजनेत व्हर्जन हिस्ट्री (फाइलमधल्या आधीच्या बदलांची नोंद) ३० दिवसांचीच मिळते, म्हणून काम संपलं त्याच दिवशी फिग फाइलची स्थानिक प्रत काढा आणि पीडीएफ स्वतःलाच मेल करा, म्हणजे तारीख राहते.

ब्रीफ पासवर्ड घातलेल्या झिपमध्ये आलं तर उघडू नका. पासवर्डमुळे मेलच्या अँटिव्हायरसला आतलं तपासता येत नाही, आणि आत पीडीएफचं चित्र लावलेली एक्झी किंवा एससीआर फाइल, म्हणजे उघडताच चालू होणारा प्रोग्राम, असू शकते. लॅपटॉप किंवा सॉफ्टवेअरच्या लायसन्ससाठी आधी पैसे मागणारी नोकरीही खोटीच.

काम आधीच हातून गेलं असेल तर ब्रीफ, मेल आणि त्यांच्या अ‍ॅपमधले स्क्रीन तारखांसह जपून ठेवा. हक्क लेखी दिले नसतील तर ते साधारणपणे काम करणाऱ्याकडेच राहतात, म्हणून टेस्टआधी सही मागणाऱ्या करारात हक्क सोपवण्याचं कलम आहे का ते शोधा. तशी सही केलेली नसेल तर त्यांचं नाव, लोगो आणि आतली माहिती काढून हे काम ‘संकल्पना’ म्हणून पोर्टफोलिओत लावा. जिथे जाहिरात दिसली तिथे तक्रार करा आणि ब्रीफचा मजकूर शब्दशः जोडा. तेच ब्रीफ पुढे वेगळ्या नावाने फिरतं, आणि त्यातलं एखादं वाक्य शोधून पाहणाऱ्याला तुमची तक्रार सापडू शकते.